हृदयाचा आकडा



या आठवड्यात धर्मशिक्षणाच्या नव्या वर्षाविषयी लिहीन असं मागच्या वेळी म्हटलं होतं. ते राहू द्या. त्याआधी मला एक चूक कबूल करायची आहे. फादरांजवळ ती मी कधीच सांगितली आहे, पण चूक तुमच्या सर्वांसमोर केली होती, म्हणून सांगायलाही हवी तुमच्यासमोरच. ज्या घराची ही गोष्ट आहे त्यांना विचारूनच लिहितो आहे. नावं लिहिणार नाही. आपल्या चर्चमधल्यांना ती ठाऊक आहेत, बाहेरच्यांना त्यांची गरज नाही.

आमच्या सर्वांत लहान वर्गात सहा वर्षांचा एक मुलगा आहे. चित्र रंगवताना जीभ बाहेर काढतो आणि गाण्याच्या वेळी सर्वांच्या पुढे एक ओळ पोचलेला असतो. चार वर्षांचा असताना त्याला धाप लागू लागली. जेवताना कपाळ घामानं भिजायचं, पाय सुजायचे, रात्री आडवं झालं की खोकला. आधी न्यूमोनिया समजून औषधं झाली. मग बेळगावातल्या एका रुग्णालयात छातीचा फोटो काढला तर हृदय मोठं दिसलं. टूडी इको झाला आणि आजाराचं नाव कळलं, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. हृदयाचा स्नायू दुबळा होतो, डावा कप्पा ताणून फुग्यासारखा होतो आणि रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडते. त्या ताकदीचा एक आकडा इकोच्या कागदावर असतो. त्याला ईएफ म्हणतात. कप्पा भरलेला असताना त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं शेकडा किती एका ठोक्यात बाहेर पडतं, तो हा हिशोब. निरोगी मुलात साधारण पंचावन्नच्या वर असतो. या बाळाचा होता २८.

एनालाप्रिल, कार्वेडिलॉल, लघवी होऊन सूज उतरण्याचं औषध, अशी गोळ्यांची पुडी सुरू झाली. त्याच्या आईनं एक प्लास्टिकची फाईल केली. त्यात इकोचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या आणि वेलंकणी मातेची एक तसबीर. काही महिन्यांनी ईएफ ३३ आला. नंतरच्या खेपेला ३८.

त्या ३८ वर माझी चूक झाली.

नोव्हेनाचे दिवस होते. ती माउली मिस्साआधी मला भेटली, फाईल उघडून तिनं कागद दाखवला. मला राहवलं नाही. विनवण्या झाल्यावर मी वाचनपीठावरून सांगितलं की आपण ज्या बाळासाठी दीड वर्ष प्रार्थना करतो आहोत, त्याचं हृदय अठ्ठावीसवरून अडतीसवर आलं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या आया रडल्या. पुढच्या बुधवारी त्या आईनं स्वतः साक्ष दिली, तीही आकड्यासकट. मला त्या दिवशी वाटलं होतं की हे फार सुंदर काम माझ्या हातून झालं.

चार महिन्यांनी पुढचा इको झाला. ३१.

पुढे काय झालं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, कारण त्यात आपलाही थोडाथोडा हात होता. कुणी म्हणालं नवस फेडायचा राहिला असेल. कुणी तिला विचारलं, घरात काही झालं का, कुणाशी वाकडं आलं का. हे सगळं प्रेमानंच विचारलं जातं, म्हणून जास्त लागतं. दोन रविवार ती आली, शेवटच्या बाकावर बसून लवकर गेली. तिसऱ्या रविवारी आली नाही. मुलाला त्याचा बाप वर्गाच्या दारापर्यंत सोडून जायचा.

मी घरी गेलो. ती म्हणाली, "भाऊ, देवानं दिलेलं परत कशाला घेतलं असेल? माझं काय चुकलं तेवढं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. ईयोबाच्या पुस्तकात मित्रांनी सात दिवस गप्प बसून जे चांगलं केलं आणि तोंड उघडल्यावर जे बिघडवलं, ते मी दरवर्षी मोठ्या मुलांना शिकवतो. निदान तेवढं आठवलं. गप्प बसलो.

आणि एक गोष्ट मला त्याच दिवशी कळली. ३८ आल्यावर आजी म्हणाली होती, देवानं बरं केलं की, आता पोराच्या पोटात एवढ्या गोळ्या कशाला? आईचं मनही तिकडे झुकलं होतं. औषध बंद केलं नाही ते बापामुळे. तो उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. त्यानं आईला सांगितलं होतं, "एक रीडिंग बघून आम्ही भट्टी बंद करत नाही." माझ्या घोषणेचा परिणाम कुठवर गेला असता, याचा विचार करून मला त्या रात्री झोप आली नाही. हे औषध डॉक्टरांना न विचारता सोडलं तर असं मूल पाहता पाहता खालावू शकतं.

पुढच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर गेलो. जाताना मनात एकच प्रश्न होता, अडतीसचे एकतीस झाले कसे? मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. विज्ञान दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. पण डॉक्टर चांगल्या होत्या. म्हणाल्या, "बसा सर इथंच, बघा मोजतात कसं."

खोलीत अंधार. बाळाला डाव्या कुशीवर झोपवलं, छातीवर गार जेल लावलं, तो अंग चोरून हसला. बापानं मोबाईलवर कार्टून धरलं. तपासणाऱ्या ताईंनी छातीवर प्रोब ठेवला आणि पडद्यावर करड्या रंगात ते उघडमीट करणारं हृदय दिसलं. मी आयुष्यात प्रथमच हृदय पाहिलं. वेदीवरच्या तसबिरीत ज्वाळांसह पाहिलेलं सोडून.

मला वाटत होतं, यंत्रच आकडा देत असेल, वजनकाट्यासारखा. तसं नसतं. ताई चित्र थांबवतात, हृदय सर्वांत जास्त भरलेलं असेल ते एक चित्र आणि सर्वांत जास्त आकसलेलं ते दुसरं. मग एका गोळ्यावर बोट फिरवून कप्प्याची आतली कड स्वतः रेखतात. यंत्र त्या रेघेच्या आतल्या जागेचे एकावर एक वीस थर कल्पून, चकत्या रचाव्यात तसे, त्यांची बेरीज करतं. सगळा हिशोब त्या हातानं काढलेल्या रेघेवर उभा. आणि कड काही चुलीवरच्या तव्यासारखी स्वच्छ नसते. आतून स्नायूचे दोरे-दोरे असतात, चित्र कुठे धूसर, कुठे फासळीची सावली. रेघ दोऱ्यांच्या आतून न्यायची की बाहेरून? प्रोब थोडा तिरका झाला तर कप्प्याचं टोक कापलं जातं आणि कप्पा आहे त्यापेक्षा लहान दिसतो.

ताईंनी तीन ठोक्यांवर तीनदा मोजलं. ३२, ३५, ३३. मी पाहत होतो. तोच मुलगा, तीच खोली, तोच हात, मध्ये दोन मिनिटंही गेली नसतील. पस्तीस आला तेव्हा माझ्या मनात आनंद उठला आणि तेहतीस आला तेव्हा बसला. मग माझंच मला हसू आलं, आणि लाजही वाटली.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी फाईल मागून घेतली आणि आठही कागद टेबलावर मांडले. आईला म्हणाल्या, "हा अडतीस कुठे काढला?" तो दुसऱ्या एका ठिकाणी काढलेला होता, गर्दीच्या दिवसांत जवळ पडतं म्हणून. बाळाला झोपेचं औषध देऊन, शांत झोपेत. आणि मोजण्याची पद्धतही वेगळी. तिथे कप्प्याची रुंदी एका रेषेवर मोजून त्यावरून सूत्रानं आकारमान काढलं होतं. त्या सूत्रात एकाच रेषेवरून सगळ्या कप्प्याचा अंदाज बांधतात. रुंदीत लहानशी चूक झाली तर आकारमानात ती वाढून येते. रुंदीचा घन करतात तेव्हा पाच टक्क्यांची चूक जवळजवळ सोळा टक्क्यांची होते, हे मी घरी येऊन कागदावर करून पाहिलं. शिवाय कप्पा लांबट असतो असं धरून ती सूत्रं केलेली. फुगून चेंडूसारख्या झालेल्या हृदयाला ती नीट बसत नाहीत. उलट तो ३१ या रुग्णालयातला, चकत्यांच्या पद्धतीनं काढलेला. कागदाच्या कोपऱ्यात कुणीतरी लिहून ठेवलं होतं, मूल रडत होतं. रडताना ठोके वाढतात, रक्तदाब वाढतो, आणि दुबळ्या हृदयाला दाबाविरुद्ध ढकलावं लागलं की आकडा उतरतो.

"मग यातला खरा कुठला?" आईनं विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही त्या त्या वेळचे, त्या त्या पद्धतीचे. एकापुढे एक ठेवून वजाबाकी करायची नाही."

त्यांनी मला एका अभ्यासाचा सारांश छापून दिला. अमेरिकेतल्या पीडिऍट्रिक हार्ट नेटवर्क या गटानं तो केला आणि २०१२ मध्ये छापला. मला तो समजून घ्यायला तीन संध्याकाळी लागल्या, भाचीला फोनही करावे लागले. त्यांनी आठ बालरुग्णालयांतून १७३ मुलं आणि तरुण घेतले, तान्ह्या बाळांपासून बावीस वर्षांपर्यंत. त्यातल्या १३१ जणांना हाच आजार होता, आमच्या बाळाचा. प्रत्येकाचा इको दोन वेगवेगळ्या माणसांनी काढला, वेगवेगळ्या तज्ज्ञांनी मोजला, तीन-तीन ठोक्यांवर. दीडशे तऱ्हेची मापं घेतली. प्रश्न अगदी साधा होता, तेच हृदय पुन्हा मोजलं तर आकडा किती हलतो?

एकाच तज्ज्ञानं तेच चित्र पुन्हा मोजलं तर एका ठोक्यावर मधला फरक ६.३ टक्के पडला. तीन ठोक्यांची सरासरी घेतली तर तो ४.२ वर आला. पण दोन वेगळ्या तज्ज्ञांनी मोजलं तर फरक जवळजवळ दुप्पट, एका ठोक्यावर ११.४ आणि तीन ठोक्यांच्या सरासरीनंतरही ९.३ टक्के. ही सगळ्या मापांची मिळून गोष्ट झाली, आणि मधला फरक म्हणजे निम्म्या वेळा त्याहूनही जास्त. हे तज्ज्ञ म्हणजे हेच काम रोज करणारे, एका केंद्रात बसून मोजणारे लोक बरं का. मी हिशोब केला. एकानं ३० मोजलं आणि दुसऱ्यानं ३४, तर तो फरक साधारण साडेबारा टक्क्यांचा होतो. म्हणजे हृदय तसूभर बदललेलं नसतानाही, नुसता मोजणारा बदलला तर एवढं होऊ शकतं. आणि आम्ही चार अंकांवर मेणबत्त्या लावत होतो.

त्या अभ्यासातली मला सर्वांत लागलेली गोष्ट वेगळी आहे. सगळी मापं सारखी डळमळीत नव्हती. कप्प्याची रुंदी, क्षेत्रफळ, रक्ताचा वेग, ठोक्यातल्या वेळा, ही सरळ मोजलेली मापं पुन्हा मोजली तरी बरीच जुळत होती. डळमळत होते ते चढ-उतारांचे आणि हिशोब करून काढलेले आकडे. कितीही सरासऱ्या घ्या, त्यांतला फरक मोठाच राहत होता. ईएफ हा हिशोबाचाच आकडा आहे. एका मापाला दुसऱ्यानं भागून काढलेला, दोन्हींच्या चुका पोटात घेऊन आलेला. आमचा सगळ्यांचा जीव नेमका त्याच्यावर टांगलेला होता.

हे वाचून कुणी म्हणेल, मग इको कशाला करायचा? तसं नाही. इतिहासाच्या वर्गात आमचे सर सांगायचे, बखर खोटी म्हणून फेकायची नाही आणि खरी म्हणून डोक्यावरही घ्यायची नाही. कुणी लिहिली, कधी लिहिली, कशासाठी लिहिली, हे विचारायचं आणि मग वाचायची. इकोच्या कागदाला तेच तीन प्रश्न विचारता येतात. डॉक्टरांनी आईला सांगितलं ते असंच काहीसं. शक्यतो एकाच ठिकाणी, त्याच यंत्रावर, जमलं तर त्याच माणसाकडून तपासून घ्या. मूल झोपलेलं होतं, जागं होतं की रडत होतं, ते लिहून ठेवा. उंची आणि वजन त्याच दिवशी घ्या, कारण मुलाचं हृदय त्याच्या अंगाच्या मानानं मोठं की लहान हे ठरवायला त्या दोन्हींवरून हिशोब करतात. (आमच्या फाईलमधल्या एका कागदावर उंची आधीच्या कागदावरून जशीच्या तशी उतरवलेली निघाली. आणि अंगावर सूज असताना वजन वाढतं, मग तेच हृदय अंगाच्या मानानं लहान भासतं. हे मला कधी सुचलं नसतं.) एका आकड्यावर हसू नका, रडू नका. आठ कागद ओळीनं लावा आणि वाट कुठे जाते ते बघा. आणि कागदाआधी पोराकडे बघा. जेवताना घाम येतो का, जिना चढतो का, वजन भरतं का.

मग त्यांनी एक ओळ पेन्सिलीनं अधोरेखित केली. प्रत्येक कागदावर ती होती आणि आम्ही कुणी कधी वाचली नव्हती. भरलेल्या डाव्या कप्प्याची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पहिल्या वर्षी ४८. नंतर ४८. नंतर ४७. आता ४७.

"हे तर हललंच नाही," मी म्हणालो.

"हृदय हललं नाही. पण मुलगा दोन वर्षांत अकरा सेंटिमीटर वाढलाय ना? अंगाबरोबर हृदयही वाढायला हवं होतं. हे जिथल्या तिथं आहे, म्हणजे अंगाच्या मानानं लहान होत चाललंय. चांगली गोष्ट आहे ही. औषधं चालू ठेवायची."

आई काही बोलली नाही. तिनं तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. ती चांगली बातमी दोन वर्षं तिच्याच फाईलमध्ये होती, मातेच्या तसबिरीला टेकून. मी टाळ्या मागितल्या त्या दिवशीही होती.

शमुवेल इशायाच्या घरी राजा निवडायला गेला तेव्हा थोरल्या मुलाची उंची आणि रूप बघून फसला, आणि माणूस पाहतो ते वेगळं नि देव हृदयाकडे पाहतो, असं त्याला ऐकावं लागलं. हा भाग मी किती वेळा शिकवला असेल. आम्ही तर हृदयाकडेच पाहत होतो, तेही यंत्रातून. तरी बाहेरचंच पाहत होतो.

परतताना बसमध्ये मी बापाला त्या छापील कागदाबद्दल सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडेही कास्टिंग असंच तपासतात, आवाज सोडून, आत पोकळी आहे का बघायला. नंतर मी वाचलं तर खरोखरच हे यंत्र तिकडूनच आलेलं आहे. १९५३ मध्ये स्वीडनच्या लुंड गावात इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेलमुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी मालमोच्या जहाज कारखान्यातून धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र मागून आणलं आणि त्यानं हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. मी बापाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मनापासून हसला. म्हणाला, "म्हणजे पोराला आमच्याच खात्यातलं मशीन लावलंय बगा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी पुन्हा गेलो. तिला म्हणालो, वहिनी, देवानं दिलेलं काही परत घेतलं नाही. तुमचंही काही चुकलं नाही. चुकलं माझं. आकडा मी वेदीवर नेला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी साऱ्या लोकांसमोर मी तो देवाची सही असल्यासारखा वाचला. आणि तो खाली आला तेव्हा लोकांनी तुमच्याकडे बोट दाखवलं, माझ्याकडे नाही.

ती म्हणाली, "लोकांचं जाऊ दे हो. मला रात्री वाटायचं मीच साक्ष खोटी दिली." मग चहा ठेवायला उठली. मी आजीजवळ बसलो. आजीला इको आणि ईएफ समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या, एवढंच तीनदा सांगितलं. तिनं तीनदा मान हलवली, आणि चौथ्यांदा मलाच विचारलं की गोळ्या बंद कधी करायच्या.

येत्या रविवारपासून श्रद्धावंतांच्या विनवण्यांत आजाऱ्यांची फक्त नावं घेतली जातील. फादरांशी बोलून तसं ठरवलं आहे. साखर किती, रक्तदाब किती, ईएफ किती, हे ज्याचं त्यानं आपल्या डॉक्टरांशी बोलावं. साक्ष द्यायला कुणाला मनाई नाही. पण ती लिहून घेताना कागदातला आकडा सांगू नका असं मी म्हणेन, तेव्हा राग मानू नका.

ती आता वर्गाच्या दारापर्यंत स्वतः येते. फाईलमध्ये एक वही जमा झाली आहे, तिनं पट्टीनं रकाने आखलेली. तारीख, ठिकाण, पद्धत, झोपला होता की जागा, उंची अनवाणी, वजन, रुंदी, आणि सगळ्यात शेवटी ईएफ. मागच्या खेपेला उंचीच्या पट्टीशी बूट घालून उभा राहिला म्हणून तिनं त्याला खाली उतरवून बूट काढायला लावले, असं ताई सांगत होत्या. बाळाला नाताळच्या नाटुकल्यात मेंढपाळ व्हायचं आहे. धावायचं नाही या अटीवर मी हो म्हटलं. तर म्हणतो, "सर, मग मी मेंढी होतो. मेंढी बसूनच असते."